सव्वीस पाट्या आणि एक कडप्पा

मे महिन्याच्या अखेरीस कॉलेजातल्या मित्राचा फोन आला. त्याचा पहिला सिनेमा एडिट होऊन तयार होता. "टायटल्स तू कर. दोन मिनिटं दहा सेकंदांचं म्युझिक आहे, सव्वीस पाट्या आहेत, पैसे मात्र फारसे नाहीत."

मी नेरूळला राहते आणि पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती एडिट करते. लग्नाच्या व्हिडिओतली टायटल्स म्हणजे सोनेरी अक्षरं, मागे पडणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या आणि ‘चि. सौ. कां.’ एका ओळीत मावत नाही ही कटकट. सिनेमाचं काम पहिल्यांदाच आलं होतं. २६ पाट्या, पाटीला ५ सेकंद, झाले १३० सेकंद. हिशेब इतका चोख बसला की मला वाटलं, आठवड्यात उरकेल. उरकलं तेव्हा जुलै संपत आला होता.

सिनेमाचं नाव सांगत नाही, तो अजून लागायचाय. त्यात एक ‘ळ’ आहे एवढं लक्षात ठेवा, त्या ‘ळ’ने मला रडवलंय.

सुरुवात सगळेच करतात तशी केली. काळा पडदा, मधोमध पांढरं नाव, आणि अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब सरकतायत. इंग्रजी सिनेमांत हे शंभरदा पाहिलेलं. मी नाव टाइप केलं, ट्रॅकिंगचा आकडा वाढवला, आणि तिसऱ्या फ्रेमला शिरोरेघेचे तुकडे पडले. रोमन अक्षरं आपापल्या पायावर उभी असतात, त्यांना लांब सरकवलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दोरी कापली की सगळा पसारा. मग एकेक अक्षर वेगळं आणायचा प्रयत्न केला. त्यात ‘निर्मिती’मधली पहिली वेलांटी ‘न’ला सोडून एकटीच पुढे आली आणि अर्धा सेकंद लोंबकळत राहिली, कारण डोळ्याला ती आधी दिसत असली तरी कॉम्प्युटरच्या लेखी ती ‘न’नंतर येते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन चालू केलं तेव्हा जोडाक्षरं तरी जागेवर बसली. पण लाइटच्या टीममधल्या एका मुलाचं आडनाव कुऱ्हाडे. मी हौसेने निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘ऱ्ह’ची चंद्रकोरच नव्हती. रफार ‘ह’च्या डोक्यावर जाऊन बसला आणि बिचाऱ्याचा ‘कुर्हाडे’ झाला.

आमच्या आजोबांना पेपर हातात आल्यावर नाटकाच्या जाहिराती आधी बघायची सवय होती, आणि कमल शेडगे यांनी हाताने काढलेली नाटकांची नावं लांबून, अक्षर न वाचताही ओळखू यायची. आकारावरूनच कळायचं. मी दोन आठवडे फॉन्ट चाळत बसले आणि एकही नाव असं ओळखू येईना.

मित्राच्या डोक्यात भलतंच होतं. त्याने मला १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाची टायटल्स पाठवली. त्यात रॉबर्ट ब्राउनजॉनने नर्तकीच्या अंगावर प्रोजेक्टरने नावं टाकली आहेत. ती हलते तशी अक्षरं वळतात, ताणली जातात, अंगाच्या वळणात शिरतात. "आपण आईच्या पाठीवर टाकू," मित्र म्हणाला. आई म्हणजे सिनेमातली आई. त्या बाई काही आल्या नाहीत, म्हणून माझ्या हॉलमध्ये पांढरी चादर पांघरून हाच पाठमोरा बसला. मी वाशीहून भाड्याने प्रोजेक्टर आणला होता. नाव पडलं, छान दिसलं, आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लाल-हिरवे-निळे पट्टे सरकायला लागले. स्वस्तातल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये एक रंगीत चाक फिरत असतं, ते एकामागून एक रंग फेकतं. आपल्या डोळ्यांत ते मिसळून जातात, कॅमेऱ्यात मिसळत नाहीत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २४ फ्रेमला शूट करताना शटर १७२.८ अंशांवर ठेवलं की ट्यूबलाइटची फडफड थांबते हे मला ठाऊक होतं. पण ते चाक काही विजेच्या तालावर फिरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एलसीडी प्रोजेक्टर आणला. पट्टे गेले, तर चादरीच्या चुण्या नडल्या. वरची मात्रा चुणीत गेली आणि ‘मोरे’चं ‘मोर’ झालं. मित्र चादरीतून बाहेर येऊन म्हणाला, "इस्त्री करून बघूया?" तिथे तो विषय संपला.

समोरच्या दारच्या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, सगळी वर्षं पहिलीच्या वर्गावर. त्यांच्याकडे मी रडगाणं घेऊन गेले, म्हणजे चहाला गेले. सिडकोच्या जुन्या घरांत अजून कडप्प्याचे ओटे आहेत. आमच्याकडे आधीच्या मालकाने ग्रॅनाइट बसवलं, काकूंनी कडप्पाच ठेवलाय. मी कुऱ्हाड्यांची गोष्ट सांगितली. काकूंनी नळाखाली बोट ओलं केलं, "कॉम्प्युटरला येत नाही म्हणजे काय गं?" म्हणत ओट्याच्या कोपऱ्यावर ‘कुऱ्हाडे’ लिहिलं, आणि चहात साखर घालायला वळल्या. चहा गाळून होईपर्यंत ते नाव वाळून गेलं होतं. आधी एक काना गेला, मग बाकीचं, आणि ‘डे’चा पोटातला ठिपका सगळ्यांत शेवटी.

मी कप तिथेच ठेवला आणि मित्राला फोन लावला. पाण्याने नावं लिहायची, वाळताना शूट करायची आणि उलटी चालवायची. रिकाम्या दगडातून नाव उगवेल.

आपल्याला जगात पहिल्यांदा हे सुचलं या आनंदात मी एक रात्र काढली. दुसऱ्या दिवशी मित्रानेच कळवलं की साँग डाँग नावाचा चिनी कलावंत १९९५ पासून पाण्याने दगडावर रोजनिशी लिहितोय. रोज लिहितो, रोज वाळते. आणि बीजिंगच्या बागांत म्हातारी माणसं मोठ्या ब्रशने फरशीवर पाण्याची सुलेखनं काढतात ती वेगळीच. मी हिरमुसले. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "शहाणा माणूस. मनातलं लिहायचं आणि कोणी वाचायचं नाही." मित्राने मग त्यांना परफॉर्मन्स व्हिडिओवर एक व्याख्यानच दिलं. कॅमेरा हलवायचा नाही, माणसाने कॅमेऱ्यासमोर एकच काम करत राहायचं. १९६८ मध्ये ब्रूस नाऊमन हा अमेरिकन कलावंत अरुंद बोळासारख्या खोक्यातून कंबर लचकवत तासभर येरझाऱ्या घालत राहिला आणि तेच रेकॉर्डिंग म्हणजे कलाकृती. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी रोज सकाळी ज्वेलच्या बागेत तासभर चालते. माझं कोणी काढलं नाही."

काकूंचा ओटा वापरता आला नाही. इतक्या वर्षांच्या फोडण्यांचं तेल त्यात मुरलेलं, त्यामुळे कोपरा सोडला तर पाणी पसरायचंच नाही, मोत्यांसारखं गोळा व्हायचं. फरशीवाल्याकडून तीन फूट बाय दोन फुटांचा नवा कडप्पा घेतला. वजन तीसेक किलो. रिक्षावाल्याने आधी नाही म्हटलं, मग स्वतःच उचलून पायाशी ठेवला. त्याची पॉलिशची बाजू वर केली तर पुन्हा मोतीच. खडबडीत बाजू वर केली तर पाणी आत शोषलं जाई आणि डाग अर्धा तास हलत नसे. शेवटी पॉलिशची बाजू चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, दोन दिवस, हात भरून येईपर्यंत. मग वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. दोन थेंब पडले तर फेस येतो आणि नाव धुतल्यासारखं दिसतं. एकाच थेंबात पाणी दगडाला धरून राहतं.

कॅमेरा वरून, आडव्या दांडीवर. त्याचंच प्रतिबिंब दगडात पडायचं म्हणून त्याला काळ्या ओढणीचा बुरखा घातला. एक दिवा अगदी खाली, दगडाच्या पातळीला, डाव्या बाजूने, म्हणजे ओलं अक्षर नुसतं गडद न दिसता कडेने चमकतं. खिडक्यांना काळे कागद, कारण एक ढग आला तरी टाइमलॅप्स लुकलुकतो. पंख्याखाली एक नाव सहा मिनिटांत वाळत होतं. तीन सेकंदांना एक फोटो काढला तर १२० फोटो, २४ फ्रेमच्या हिशेबाने बरोबर पाच सेकंद. इथेही हिशेब चोख बसला, आणि एव्हाना मला त्याची भीती वाटायला लागली होती.

पाऊस आला. नवी मुंबईतल्या जूनच्या हवेत टॉवेल वाळत नाहीत, नावं काय वाळणार? सहाची वीस मिनिटं झाली, आणि वीस मिनिटांतसुद्धा ओल पूर्ण जात नव्हती, दगडावर सावली उरायची. हेअर ड्रायरने पाणी पळतं आणि अक्षराला शेपट्या फुटतात. स्पिरिट मिसळून पाहिलं, तर काकूंचं आडनाव लिहून होईपर्यंत नावच उडून गेलं. शाळेत पाटी वाळवायला चिमणीकडे वारा मागायचो ते काकूंनी आठवण करून दिलं, उपयोग झाला नाही. अखेर बेडरूमचा एसी ड्राय मोडवर टाकून, दार लावून, उंबऱ्याशी टॉवेल कोंबून दहा मिनिटांवर आणलं. फोटो मग पाच सेकंदांना एक. विजेचं बिल मित्राने दिलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

लिहायचं काकूंनी. त्यांचं लिहिणं इतक्या जवळून मी आधी पाहिलं नव्हतं. पदर खोचून, श्वास धरून, उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापर्यंत वाटीत बुडवायची. एका बुडीत दोन अक्षरं. जोडाक्षर आलं की बोट पुन्हा पाण्यात. काना वरून खाली आणायचा आणि टोकाला बोट अगदी क्षणभर थांबवून उचलायचं, त्यामुळे प्रत्येक काना-वेलांटीच्या शेवटी पाण्याचा एक फुगीर थेंब राही. पूर्ण शब्द झाला की बोट वाटीकडे न नेता, उरल्यासुरल्या ओलीवर, डावीकडून उजवीकडे एकच ओढ. शिरोरेघ. ‘ळ’च्या दोन्ही पोटांत मात्र पाणी भरून दोन काळे डबके होत आणि ते शेवटपर्यंत वाळत नसत. चार टेक वाया गेल्यावर काकूंनी देव्हाऱ्यातली फुलवात आणली आणि तिच्या टोकाने दोन्ही पोटांतलं पाणी टिपून घेतलं. सिनेमाच्या नावातला तो ‘ळ’ फुलवातीचा आहे.

मित्राच्या यादीत ‘वेशभुषा’ होतं. काकूंनी बोट वाटीतच ठेवलं. "भू दीर्घ." मी म्हटलं, काकू, त्याने पाठवलंय तसंच लिहू, नंतर बघू. "मग तूच लिही." मी मित्राला विचारलंसुद्धा नाही. ‘निर्मीती’, ‘ध्वनीमुद्रण’, ‘सहाय्यक’, सगळं त्यांनी पाण्यातच दुरुस्त केलं. ‘साहाय्यक’ लिहून झाल्यावर माझ्याकडे वळून पाहिलं आणि पुढे गेल्या. सव्वीस पाट्यांना एकाहत्तर टेक लागले. एकदा लाइट गेले, एकदा खालच्या मजल्यावर भिंत फोडायला सुरुवात झाली आणि अख्खं नाव थरथरलं. साउंडवाल्याच्या पाटीवर एक मुंगी आली, ‘ध्व’च्या काठाशी थांबून पाणी प्यायली आणि निघून गेली. उलटं चालवल्यावर ती पाठमोरी येते, थांबते, पाठमोरीच जाते. मी ती पाटी पुन्हा करणार होते, मित्र म्हणाला, राहू दे, सबंध सिनेमात साउंडवाल्याला कोणी पाणी विचारलं नव्हतं.

एका रात्री, एकच्या सुमाराला, मी सगळ्या पाट्या पहिल्यांदा उलट्या लावून एकापाठोपाठ पाहिल्या. कोरड्या दगडावर आधी ठिपके आले, जिथे काकूंचं बोट थांबलं होतं तिथे. मग ठिपक्यांतून काने वर गेले, मात्रा फुटल्या, गोल भरले. अक्षरं सुटी सुटी उभी होती आणि अगदी शेवटच्या अर्ध्या सेकंदात त्यांच्या डोक्यावरून रेघ आली आणि शब्द झाला. मी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. तेवीस पाट्यांत तसंच. कारण सरळ होतं. रेघ उरलेल्या ओलीवर ओढलेली, सगळ्यांत पातळ, म्हणून ती सगळ्यांत आधी वाळत होती, आणि उलटं चालवल्यावर सगळ्यांत शेवटी येत होती. पहिलीत शिकवतात त्याच क्रमाने, आधी अक्षरं, मग वरची रेघ. कॉम्प्युटरवर दोन आठवडे मी शिरोरेघ तुटू नये म्हणून झटत होते, आणि इथे ती पाच सेकंदांतले साडेचार सेकंद नव्हतीच. तरी कोणाला अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग? अशीच लिहितात."

यापुढचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की रक्तदाब वाढतो. निर्मात्यांना पाट्यांचा क्रम बदलून हवा होता. तो मी बदलला. मग सहनिर्माते म्हणून आणखी एक नाव आलं, मग त्या नावात मधलं नाव आलं, मग अंकशास्त्राप्रमाणे एक ‘अ’चा ‘आ’ झाला. "टाइप करून टाका ना मॅडम, दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचं काम म्हणजे कडप्पा धुवायचा, काळे कागद लावायचे, एसी, टॉवेल, बुरखा, काकूंची पूजा आटोपेपर्यंत थांबायचं, आणि मग दहा मिनिटं खोलीत कोणी जोरात श्वास घ्यायचा नाही. मी हे त्यांना समजावत बसले नाही. "चार दिवस लागतील," एवढंच म्हणत गेले. संगीत वाढवता येत नव्हतं, म्हणून ‘विशेष आभार’ची पाटी गेली. त्या पाटीतल्या माणसांची मी माफी मागते, तुमची नावं फार सुरेख वाळली होती.

छोट्या प्रिव्ह्यू थिएटरमध्ये डीसीपी (थिएटरात चालते ती सिनेमाची फाइल) लावून पाहिला तेव्हा दुसरा धक्का बसला. माझ्या मॉनिटरवर, फोनवर काळ्यावर काळं झकास दिसत होतं. पडद्यावर मागच्या रांगेतून निम्मी नावं अंधारात बुडालेली. वरच्या एक्झिटच्या लाल दिव्याने उरलेला काळा रंगही खाल्ला. घरी येऊन कोरडा दगड दोन छटा उजळ केला, कडेची चमक वाढवली. आता लॅपटॉपवर तो कडप्पा राखाडी वाटतो, माझ्या डोळ्यांना खुपतो, पण शेवटच्या रांगेतल्याला कुऱ्हाडे वाचता येतं.

डीसीपी दुसऱ्यांदा जायच्या आदल्या संध्याकाळी मित्राच्या लक्षात आलं की अक्षरलेखनाची पाटीच नाही. काकू म्हणाल्या, स्वतःचं नाव स्वतः कसं लिहायचं, बरं दिसत नाही. आग्रह केला, ऐकेनात, भाचीकडे उलव्याला निघून गेल्या. मग मीच पदर नसताना पदर खोचला. ‘साहाय्यक’ची पाटी दोन सेकंदांनी कापून जागा केली. पहिल्या टेकला पाणी सांडलं, दुसऱ्याला आडनाव दगडाबाहेर गेलं, तिसरा धरला. रेघ तुटू नये म्हणून बोट तीनदा बुडवलं आणि जपून, दाबून, कडेपर्यंत नेली. रात्री अडीचला फाइल पाठवली.

आठवड्याने काकूंना आमच्या हॉलमध्ये सगळं दाखवलं. सगळ्याच्या सगळ्या पाट्या त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिल्या, मुंगी आली तेव्हा हसल्या. शेवटून तिसरी पाटी त्यांची. कोरडा दगड, आणि त्यावर आधी एक जाड, सरळ रेघ उमटली. मग त्या रेघेला खाली एकेक अक्षर लटकायला लागलं.

"हे तू लिहिलंस," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पोरं अशीच आधी रेघ मारून ठेवतात. मग अक्षरं मावत नाहीत."

मी म्हटलं, काकू, आता फाइल गेली. त्यांनी पाटी मागे घ्यायला लावली, आणि पुन्हा एकदा रेघेपासून पाहिली.